जीभबाईची खुर्ची

कारखान्यात तिला सगळे जीभबाई म्हणायचे. पाठीमागे नाही, तोंडावर; आणि तीही बिनतक्रार ओ द्यायची. तिच्याआधी हे काम करणाऱ्या बाईला लोक 'पिचकारी' म्हणत, त्यामानाने आपलं बरं, असं तिला वाटायचं. काम दोघींचं एकच: चाखायचं, सांगायचं आणि थुंकायचं. गिळायला मनाई नव्हती. पण दिवसभर नाशपातीचा लगदा गिळणाऱ्याला त्याचं पोट संध्याकाळी काय काय ऐकवतं, हे ती पहिल्याच आठवड्यात शिकली होती.

कारखाना मऊ खाण्याच्या बरण्या भरायचा. ज्यांना अजून दात आले नाहीत त्यांच्यासाठी, आणि ज्यांचे जाऊन जमाना झाला त्यांच्यासाठी. मधल्या लोकांशी कारखान्याला कर्तव्य नव्हतं. नाशपाती, फरसबी आणि सेलरी अशा तीन गोष्टी आळीपाळीने शिजत, दळल्या जात, गाळल्या जात. आणि बरण्यांत जाण्याआधी प्रत्येक घाण्याची एक वाटी जीभबाईच्या खोलीत येई. खोली म्हणजे बॉयलरच्या नळाशेजारची कोंदट खोपटी. एक टेबल, एक बेसिन, चमच्यांचा डबा आणि खुर्ची.

खुर्ची महत्त्वाची. जीभबाईच्या आयुष्यात दोनच कालखंड होते, खुर्चीआधीचा आणि खुर्चीनंतरचा. आधीच्या कालखंडात ती फळं निवडायच्या सरकत्या पट्ट्यावर उभी राहायची. नवरा गेला, पदरात धाकटी बहीण होती, आणि पट्ट्यावर बायका हव्या होत्या; तेवढ्यावर ती तिथे आली आणि उभी राहिली ती उभीच राहिली. गार पाण्यात हात, ओल्या फरशीवर पाय, समोरून फळांची अखंड वरात. पट्ट्यावर बसायचं नाही हा नियम होता. नियम कोणी केला हे कोणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे तो बदलायला सांगायचं कोणाला हाही प्रश्नच होता. तिच्या पोटऱ्यांवरच्या शिरा फरसबीच्या शिरांपेक्षा वर आल्या, आणि गुडघे जिना दिसला की आधीच कण्हायला लागले.

खुर्ची मिळाली तीही चुकीनेच. एकदा जेवणाच्या सुट्टीआधी तिने पट्ट्यावरची नाशपातीची फोड तोंडात टाकली आणि ओरडली, "वाळू! अहो, फळात वाळूय!"

सुपरवायझर धावत आला. हा माणूस प्रत्येक वाक्याची सुरुवात नकाराने करून शेवटी होकारावर यायचा, म्हणून सगळे त्याला तसंनाही म्हणत. "तसं नाहीये," तो म्हणाला, "वाळू कशी असेल? पण असू शकते. बंद करा, बंद करा!" पट्टा बंद. यंत्रं धुतली, पाण्याची टाकी रिकामी केली, चाळण्या उन्हात धरून पाहिल्या. वाळूचा कण मिळेना. शेवटी लॅबच्या मॅडम आल्या. त्यांनी त्या फळाची चकती कापली, काचपट्टीवर ठेवली, त्यावर कसलंसं औषध आणि आम्लाचा थेंब टाकला, आणि पांढऱ्या गरात बारीक लाल ठिपक्यांचे घोस उमटले.

"वाळू नाही ही," मॅडम म्हणाल्या. त्या नेहमी समोर वर्ग बसल्यासारख्या बोलायच्या. "या अश्मपेशी. मऊ गरात मधेच काही पेशी आपली भिंत जाड करत सुटतात. इतकी जाड, की आत पेशीला जागाच उरत नाही. पेशी मरते, भिंत राहते. दगड होतो."

"म्हणजे घर बांधता बांधता मालक गेला," जीभबाई म्हणाली.

मॅडम हसल्या आणि तसंनाहीला म्हणाल्या, "या बाईंच्या टाळूला जे लागलं, ते मला बघायला तासभर लागला. चाखायला यांनाच बसवा ना."

बसवा! तो शब्द तिने मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिला.

पुढे मॅडमनी तिला सगळं समजावून दिलं होतं, कारण मॅडमना समजावल्याशिवाय राहवतच नसे. झाडाला हाडं नसतात, तरी ते उभं राहतं ते काही विशिष्ट पेशींच्या जोरावर. सेलरीच्या देठात कडेकडेने स्थूलकोन ऊतींच्या दोऱ्या असतात; त्यांच्या पेशी कोपऱ्यांत जाड आणि जिवंत, त्यामुळे देठ वाऱ्यात वाकतो, वाढतो, पण मोडत नाही. फरसबीच्या पाठीवरची शीर दृढ ऊतींची, लांब टोकदार तंतूंची, आणि ते तंतू मेलेले. नाशपातीतले खडे त्याच दृढ कुळातले, फक्त ठेंगणे. जीभबाईने ते आपल्या डोक्यात देठ, शीर आणि खडा असं लावून घेतलं. देठ जिवंतपणी राबतो, बाकीचे दोघे मेल्यावरही सुटत नाहीत.

"तिघांत सुखी कोण?" तिने एकदा मॅडमना विचारलं.

"पेशींना सुखदुःख नसतं हो."

"मग तिघंही," ती म्हणाली आणि थुंकली.

खडा ओळखायची तिची रीत अशी, की चमचाभर लगदा जिभेवर घ्यायचा, डोळे मिटायचे आणि जिभेने तो टाळूवर सावकाश सारवायचा. फरसबी आणि सेलरी मात्र दाताखाली लागायची. शीर दातांत दोऱ्यासारखी अडकली किंवा देठ चावताना रबरासारखा उसळला, की घाणा पुन्हा गाळायला परत. खुर्ची टिकून होती ती या टाळूवर आणि या दातांवर. जीभ चुकली की खुर्ची गेली, खुर्ची गेली की पुन्हा पट्टा. आणि पट्ट्यावर आता ती एक दिवस काढू शकली नसती, हे तिला रोज सकाळी खाटेवरून उठतानाच कळायचं.

मग दात गेले. एकदम नव्हे, घरातली माणसं नोकरीला बाहेरगावी जातात तसे एकेक करून. शेवटचे तीन वर राहिले होते, ते हलायला लागले. सेलरी चावताना तिला चक्कर यायची. पण ती बोलली नाही. बोलली ती धाकटी.

धाकटी घरी शिवणकाम करायची आणि मशीन चालू असतानाही तिचा आवाज मशीनच्या वर असायचा. "ताई, तू हसतेस तेव्हा मला रडायला येतं! बघ, आरशात बघ. उघड तोंड. अगं उघड! हे तोंड आहे की पडका दरवाजा? काल ती कापडवाली मला विचारते, तुमच्या आईला बरं नाही का? आई! अगं, मला लाज वाटली, तुला नाही वाटत?"

"मला झोप वाटते," ताई म्हणाली.

"मी डॉक्टरांना सांगून आलेय. येत्या सुट्टीला. आणि नाही म्हणायचं नाही. जन्मभर माझं केलंस, आता मी सांगते ते कर."

ताईने नाही म्हटलं नाही. नाही म्हणायलाही जोर लागतो. दात काढले, हिरड्या भरल्या, साचा घेतला आणि शेवटी दातांच्या डॉक्टरांनी तिच्या तोंडात कवळी चढवून टाळी वाजवली. "वा! आता बघा. अक्रोड फोडा, ऊस सोला, नवऱ्याला चावा!"

"ते राहिलं," ती म्हणाली. तोंडात कोणीतरी दुसऱ्याची बशी ठेवल्यासारखं वाटत होतं. वरच्या कवळीची गुलाबी पाटी तिच्या अख्ख्या टाळूवर बसली होती.

सोमवारी सकाळी नाशपातीचा घाणा आला. तिने चमचा घेतला, डोळे मिटले, लगदा टाळूवर सारवला. लोणी! इतकी मऊ नाशपाती तिने आयुष्यात चाखली नव्हती. तिने पुन्हा सारवलं. लोणी. "जाऊ द्या," तिने तसंनाहीला सांगितलं, "आज देवाने हाताने गाळलीय."

"तसं नाही, यंत्रानेच गाळलीय, पण छान गाळलीय," तो खूश होऊन म्हणाला, आणि घाणा बरण्यांत गेला.

जेवणाच्या सुट्टीत पट्ट्यावरच्या बायकांनी तिला घेरलं. त्यात भोंगा पुढे. भोंगा म्हणजे पट्ट्यावरची सगळ्यात दणकट बाई; तिने कुजबुजून सांगितलेली गोष्ट गोदामापर्यंत ऐकू जायची. "दाखवा, दाखवा! अगं बया, नवी नवरी! चावून दाखवा काहीतरी!" तिने सकाळच्याच ढिगातली एक नाशपाती पुढे केली. जीभबाईने कचकन चावा घेतला, बायकांनी टाळ्या पिटल्या, कोणी तोंडाने सनई वाजवली. ती चावत राहिली. चव आली, रस आला. पण वर टाळूला काहीच कळत नव्हतं, जाड हातमोजे घालून देवाच्या पाया पडावं तसं. आणि तेवढ्यात एक कण कवळीच्या खाली सरकला आणि हिरडीत सुईसारखा रुतला.

ती उठून खोलीत गेली, दार लोटलं, कवळी काढून बेसिनवर धरली. पाटीच्या आतल्या बाजूला एक पांढुरका खडा चिकटला होता.

टेबलावर सकाळची वाटी अजून होती. तिने उघड्या टाळूवर चमचा सारवला. वाळवंट. खडेच खडे, तिला ओळखून टाळूवर नाचत होते. आणि तो सगळा घाणा आता झाकणं लागून गोदामात उभा होता.

त्या वेळी तिने तसंनाहीला हाक मारायला हवी होती. ती खुर्चीवर बसली. पाठ टेकली. बॉयलरचा नळ शेजारी सुस्कारे टाकत होता. उठायला हवं, असं तिला वाटलं. आणि उठलं तर पुन्हा इथे बसायला मिळेल का, असंही वाटलं. दुसरं वाटणं जड होतं. त्याने तिला खुर्चीतच दाबून ठेवलं.

मग तिने एक व्यवस्था लावली. नाशपाती आली की दात बाहेर. फरसबी आणि सेलरी आली की दात आत. दात ठेवायला झाकणाची एक नमुन्याची वाटी केली. पण घाणे काही तिला विचारून येत नसत. नाशपाती सारवून होते न होते तोच फरसबी, फरसबीची शीर दातांत धरलेली असतानाच तसंनाही दारात उभा, "तसं घाई नाही, पण नाशपाती थांबलीय." ती पाठ फिरवायची, बेसिनवर वाकायची, खोकल्याचं सोंग करायची. दिवसातून इतक्या वेळा आत-बाहेर, की हिरड्या सोलवटल्या. घरी गेली की ती पाण्यात कवळी टाकून भिंतीकडे तोंड करून पडायची.

"बोलत का नाहीस?" धाकटी विचारायची. "दात आल्यापासून तोंड बंद! लोकांना दात बोलायला लागतात, हिचे न बोलायला."

"दमलेय गं."

"बसून दमतेस?"

"हो," ताई म्हणाली. "बसूनच."

आठवडा संपायच्या आत लॅबच्या मॅडमनी गोदामातली एक बरणी उघडली. प्रत्येक घाण्यातली एक त्या कधीतरी उघडतच. त्यांनी थेंब टाकला आणि काचपट्टी लालेलाल झाली. बरणी आणि काचपट्टी घेऊन त्या तसंनाहीसह थेट जीभबाईच्या खोलीत आल्या. ती तेव्हा नुकतीच नाशपाती सारवून बसली होती. म्हणजे दात बाहेर होते.

"सोमवारचा घाणा तुम्हीच पास केलात ना?" मॅडमनी विचारलं.

जीभबाईने ओठ मिटून मान हलवली.

"मग हे कसं झालं? नमुना बदलला का कोणी? तुम्हाला चुकीची वाटी दिली का?"

किती सोपं होतं! वाटी आणणारा कोणी दुसराच होता, त्याचं नाव घ्यायचं फक्त. तिने तोंड उघडायचं टाळलं. तसंनाहीला कोणी गप्प बसलं की काहीतरी हातात घ्यायची सवय. त्याने टेबलावरची झाकणाची वाटी उचलली. "तसं काही नसेल मॅडम, पण बघू. ही कुठल्या घाण्याची?" म्हणत त्याने चमचा सरसावून झाकण काढलं.

आतून कवळी त्याच्याकडे बघून हसली.

"ही माझी," जीभबाई म्हणाली. दातांशिवाय तिचे शब्द बोळक्यातून घरंगळत होते, पण कळत होते. "ठेवा खाली. वाटी चुकली नाही कोणाची. मी चुकले. सोमवारी ही घालून चाखलं. वर पाटी आहे तिला, टाळू झाकते. मला लोणी वाटलं. दुपारीच कळलं मला."

"दुपारीच? मग सांगितलं का नाहीत?" मॅडमचा आवाज वर्गातला राहिला नाही.

"खुर्ची जाईल म्हणून."

तसंनाहीने वाटी हळूच टेबलावर ठेवली. बॉयलरचा नळ तेवढा सुस्कारत होता.

मॅडम माणूस म्हणून चांगल्या. त्या म्हणाल्या, "दात काढून तर तुम्हाला बरोबर कळतं ना? मग अडलं कुठे?" त्यांनी आपल्याकडच्या तीन वाट्या मागवल्या. एक खूप खड्यांची, एक मध्यम, आणि एक अगदी बारीक खड्यांची, जी मॅडमच्या भिंगाखालीही नीट शोधावी लागायची. पूर्वीची जीभबाई ती तिसरी झोपेत ओळखायची.

तिने पहिली सारवली. "खडे." दुसरी. "आहेत, कमी." तिसरी तिने बराच वेळ सारवली. सोलवटलेल्या हिरड्या चुरचुरत होत्या, टाळू सुजल्यासारखी जड होती. ती डोळे मिटून थांबली. पूर्वी अशा वेळी कुठूनतरी एक टोचणी यायची. आज नुसता गोडवा आला. मॅडमचा चेहरा बघून अंदाजाने सांगता आलं असतं. मॅडमच्या चेहऱ्यावर सगळं छापलेलं असायचं. म्हणून तिने डोळे उघडलेच नाहीत.

"नाही कळत," ती म्हणाली. "तुम्हीच बघा आता खडे. मी थकले."

निकाल दुपारी लागला. नाशपाती पूर्णपणे लॅबकडे. सोमवारच्या बरण्या उघडून लगदा पुन्हा गाळणार. फरसबी आणि सेलरी तीच चाखणार, दात घालून, पण ते काम तासाभराचं. उरलेला दिवस पट्ट्यावर. आणि खोली लॅबला हवी होती.

"तसं नाही जीभबाई, कोणी तुम्हाला काढत नाहीये," तसंनाही फरशीकडे बघत म्हणाला. "पण इथे मॅडमचं दुसरं यंत्र बसेल."

"यंत्र बसेल," ती म्हणाली, "आणि मी उभी राहीन."

"तसं नाही..." तो म्हणाला आणि या खेपेला होकारापर्यंत न येताच बाहेर पडला.

तिने कवळी धुतली, तोंडात बसवली, चमच्यांचा डबा फडक्याने पुसून ठेवला. दारापर्यंत गेली आणि थांबली. गुडघ्यांनी दारातूनच पट्टा बघितला होता. ती वळली, खुर्चीच्या पाठीला दोन्ही हातांनी धरलं आणि ओढायला लागली. फरशीवर खुर्ची अशी किंचाळली की भोंग्यानेही मान वर केली. बॉयलरपासून पट्ट्यापर्यंतची वाट काही लांब नव्हती, पण तिला तीनदा थांबावं लागलं, आणि थांबली की ती त्याच खुर्चीवर बसायची, श्वास घ्यायची, उठायची आणि पुन्हा ओढायची. पट्ट्यावरच्या बायका फळं सोडून बघत राहिल्या.

तसंनाही मागून धावत आला. "अहो, अहो जीभबाई! पट्ट्यावर खुर्ची चालत नाही!"

"चालत नाही म्हणून तर ओढतेय."

"वरच्यांनी विचारलं तर मी काय सांगू?"

"काहीही सांगा. म्हातारी ऐकत नाही म्हणा. मला काढायचं तर काढा, पण बसलेली काढा."

मग त्याला गोदामात एकाएकी फार महत्त्वाचं काम आठवलं आणि तो तिकडे निघून गेला, मागे न बघता.

तिने खुर्ची भोंग्याच्या शेजारी लावली आणि बसली. पट्टा उभ्या माणसाच्या कमरेच्या हिशेबाने बांधलेला. बसल्यावर तो नेमका तिच्या हनुवटीशी आला. फरसबीच्या शेंगा नाकासमोरून चालल्या. निवडायचं म्हणजे पोलिसांनी वर करायला लावल्यासारखे हात खांद्यापर्यंत उचलायचे आणि शेंग मोडून शीर निघते का ते बघायचं. चार शेंगांतच तिचे खांदे भरून आले.

"असं कसं जमेल?" भोंगा आपल्या कुजबुजीत म्हणाली, आणि ती कुजबूज अख्ख्या शेडने ऐकली. तिने पायाने दोन रिकामे क्रेट पुढे ढकलले. "उंची द्यायला पाहिजे. उठा जरा, हे खाली सारते."

जीभबाईने पाठ टेकली होती. तिने डोळेही मिटले होते.

"उठायला सांगू नकोस गं," ती म्हणाली. "आत्ताच बसलेय."